पिवळ्या रेषेच्या आतला तवा

बोरदरा, ता. पारनेर
९ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

नमस्कार आहेच, नेहमीसारखा वाकून केलेला समजा. फोन तुम्ही उचलत नाही, व्हॉट्सॲपवर मला बंद करून टाकलंय, आणि तुमच्या भावानं लावला तर "अश्विनी जवळ हाय का" विचारून ठेवून देता. कानिफनाथ बिचारे बहीण आणि बायकोच्या मधे उभे राहून कासावीस होतात. म्हणून पत्र लिहायला बसले. पारनेरच्या पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, राखी पाठवायला उशीर झाला की हो तुम्हाला.

मुद्द्यावर येते. भाऊबीजेला तुम्ही आईंसाठी भिंगारच्या बाजारातून दातांना लावायच्या मिश्रीची पुडी आणलीत, दरवर्षीसारखी. परत जाताना एसटीत ती तुमच्याच पिशवीत साडीखाली सापडली. ती मी ठेवली. आईंना माहीत नव्हतं, तुमच्या भावाला तर अजूनही नीट कळलेलं नाही. घरी पोचल्यावर तुम्ही फोनवर जे बोललात ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. "माझ्या आईचं पोतेरं केलं त्या बाईनं, लेकीच्या हातची चिमूटभर मिश्रीसुद्धा तिला पोचू देत नाही."

पोतेरं? आईंचं? वन्सं, रतनबाईंचं पोतेरं करणारी अजून जन्माला यायची आहे. तुम्ही सप्टेंबरात इथं नव्हतात म्हणून सांगते.

आमच्या शाळेवर देवश्री मॅडम आल्यात, नगरहून येऊन-जाऊन करतात. त्यांनी शाळा तंबाखूमुक्त करायची ठरवली. कायदाच आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विडी-तंबाखू विकायची नाही. मॅडमनी टेप धरून अंतर मोजलं आणि रस्त्यावर आडवी पिवळी रेषा ओढली. गोरक्षची टपरी रेषेच्या आत आली. तो आधी म्हणाला टेप खोटी आहे. मग म्हणाला, शाळेनं दोन खोल्या वाढवल्या, म्हणजे शाळा माझ्याकडं सरकली, मी तिच्याकडं न्हाई. सरपंच आप्पासाहेब म्हणाले, "बघू."

आई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांनी एवढंच म्हटलं, "बगू म्हन्जी न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या. आई पुढं, बाकीच्या मागं, मोर्चा निघाला. आणि घोषणा द्यायची वेळ आली तर कुणाचंच तोंड उघडेना. सकाळची वेळ, प्रत्येकीच्या तोंडात मिश्री! आईंनी हात वर करून "थांबा" केलं, गटाराशी जाऊन थुंकल्या, तांब्याभर पाण्यानं चूळ भरली. मागोमाग साऱ्याजणी रांगेनं थुंकल्या. मग आवाज असा चढला, "टपरी हटवा, पोरं वाचवा," की गोरक्षच्या हातातला चहा सांडला. मी पदरात तोंड घालून हसत होते. तेव्हा ते मला नुसतं गमतीचं वाटलं.

गोरक्षनं टपरी उचलून पुलापलीकडं नेली. राळेगणसिद्धीत दुकानात तंबाखू मिळत नाही म्हणून आपण किती वर्षं तोंडात बोट घालून कौतुक करत आलो, आणि आपल्या गावात हे एका सकाळी झालं. ही माझी सासू आहे असं त्या दिवशी एसटी थांबवून सांगावंसं वाटलं मला.

मग पुडी का परत पाठवली, ते मात्र लिहिता येत नाही. "मोनिकाला सांगशील तर माजं मेलेलं तोंड बगशील," अशी शपथ घातलीय आईंनी. मी एवढंच लिहिते की त्या महिनाभर भाकरी दुधात कुस्करून खातात. ठेच्याला हात लावत नाहीत. रतनबाई आणि ठेचा नको, याचा अर्थ लेकीनं लावावा. तोंडाबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

दाजींना नमस्कार.

अश्विनी


बोरदरा
२८ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

तुमचं उत्तर आलं नाही, पण परवा तुम्ही भावाला विचारलंत, "आईचं तोंड आलंय का?" म्हणजे पत्र पोचलं. शपथ अर्धी मोडलीच आहे, तर पुरी मोडते. पाप लागलं तर मला लागू दे, माझी पाठ रुंद आहे.

आईंच्या डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा आहे. खरखरीत, रुपयाच्या नाण्याएवढा. दिवाळीच्या आधी शाळेत दातांचं शिबिर झालं तेव्हा कळलं. डॉक्टरीण बाई तरणीताठी, आवाज मऊ. एकेकीला खुर्चीत बसवून विचारायची, तंबाखू खाता का? सगळ्याजणी ठणकावून सांगत होत्या, "न्हाई बया!" खोटं कुणीच बोलत नव्हतं. आईंनी तर मान ताठ करून सांगितलं, "गावातली टपरी मी उठवलीय. मी खाईन व्हय?"

डॉक्टरनं तोंडात बत्ती धरली. "मग दात काळे कशानं झाले?"

"मिश्री लावती की."

"आजी, मिश्री म्हणजे तंबाखूच."

आई हसल्या. लहान मुलाची चूक दुरुस्त करावी तशा म्हणाल्या, "तंबाखू गडी खात्यात. कच्ची. आमी भाजून घेतो. तव्यावर काळी ठिक्कर हुस्तवर भाजायची, त्यात जे काय वंगाळ आसतं त्ये समदं जळून जातं. ह्ये दाताचं औशिद हाय."

वन्सं, खरं सांगा, तुम्हीही हेच मानत होतात ना? मीही मानत होते. मी लावत नाही ते दात काळे होतात म्हणून, बाकी मला कुठं काय ठाऊक होतं! टपरीवरच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो असतो, पोरं त्याला भितात. बाजारात छगन सुटं पान तराजूत तोलतो आणि वर्तमानपत्रात बांधून देतो, त्याला कसला फोटो! त्या कागदावर नट्यांचे फोटो असतात. ते पान घरी येऊन आईंच्या तव्यावर पडलं की औषध होतं. सासरी निघालेल्या पोरी आईंच्या हातची मिश्री डबीत भरून नेतात, आपल्या गावची पद्धतच ती.

डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, हा चट्टा म्हणजे अजून कॅन्सर नाही असं वाटतंय, पण नगरला नेऊन तुकडा तपासून घ्या, आणि मिश्री आजच्या आज बंद. आत्ता थोडक्यात निभेल. थांबलात तर जबडा जाईल. हे ऐकून मी गोठ्यात जाऊन रडले. गायीला कळलं, माणसांना कळू दिलं नाही.

आणि आई? शिबिरातून येऊन चूल पेटवली, डबी काढली, बोटावर मिश्री घेतली आणि दार लावून घेतलं. नगरला जायचं नाव काढलं की म्हणतात, गव्हाचं पाणी होऊ दे. पाणी झालं की म्हणतील कांदा लागू दे. तुम्हाला सांगू नये, का तर "मोनी घाबरंल, तिकडं क्वार्टरात दिसभर एकली असती." अशात तुमची पुडी घरात आली. मी ती तुमच्या पिशवीत ठेवली. तुमच्या हातानं आणलेली ती त्यांनी तोंडात घातली असती, हे मला बघवलं नसतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठेवीन.

रागवा, पण या. तुमचं ऐकतील त्या.

अश्विनी


बोरदरा
२७ डिसेंबर २०२४

वन्सं,

आला नाहीत. बरं. पण काल जे झालं ते लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही आणि तुम्हाला वाचल्याशिवाय राहवायचं नाही.

काल ग्रामसभा होती. गाव तंबाखूमुक्त करण्याचा ठराव. आप्पासाहेबांनी फेटा बांधला होता, तालुक्याचे साहेब आले होते, मॅडमनी पोरांकडून फलक रंगवून घेतले होते. आईंचा सत्कार ठरला होता, टपरी उठवली म्हणून. शाल-नारळ तयार. आपले सगळे लोक शाळेच्या पटांगणात सतरंजीवर बसले होते, बायका भिंतीकडेला.

ठराव वाचून झाला आणि गोरक्ष उठला. मला वाटलं भांडणार. तो शांतपणे बोलला.

"चहावर टपरी चालत न्हाई, साहेब. साकर, ग्यास, दूध, समदं वजा जाता हातात काय ऱ्हातं? पुडीवर ऱ्हातं. कंपनीचा मानूस येतो, टपरीचा पत्रा फुकट रंगवून देतो, दिवाळीला मिठाई देतो. कारखाना त्यांचा, कर सरकारचा आन् शिव्या माज्या. माजी पोरं त्या पुडीवर शिकली. तुमी म्हनलात हटव, मी हटलो. कायदा हाय, मान्य. पन रतनकाकूचं घर शाळेच्या भिंतीला भिंत लावून हाय. मिश्री भाजायच्या दिशी वर्गात धूर जातो, पोरं खोकत्यात. त्यो तवा पिवळ्या रेषेच्या आत हाय का भायेर, येवडं मॅडमनी मोजून सांगावं."

मॅडम पायाकडं बघत होत्या. धूर त्यांच्याच वर्गात जायचा, पण मोर्चा काढणाऱ्या बाईला कसं बोलावं म्हणून गप्प होत्या. तुमचे भाऊ सतरंजीचा दोरा उसवत बसले. त्यांच्याही खिशात पुडी होती, मला दिसत होती. मी मनातून गोरक्षवर दात-ओठ खात होते, आणि त्याचं बोलणं खरं होतं.

आई उठल्या. तुम्हाला माहीतच आहे, चारचौघांत पुरुषांपुढं आई कधी पदर ढळू देत नाहीत. हसू आलं तरी तोंडावर पदर. त्या साहेबांच्या टेबलापर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "गोरक्ष खरं बोलतोय. तवा आत हाय. त्याची टपरी उठवताना माज्या तोंडात मिश्री हुती. मला वाटलं माजी भाजलेली हाय, म्हनून ती तंबाखू न्हाई. मी येडी."

मग मॅडमना म्हणाल्या, "बाई, तुमच्या मोबाईलची बत्ती लावा."

मॅडमना कळेना. आईंनी पदर काढून खांद्यावर टाकला, बायकांकडं तोंड केलं, बोटानं डावा गाल ओढून धरला आणि तोंड उघडलं. "या. एकेक जन या आन् बगून जा. मी लेकीला सांगितलं न्हाई, सुनंला शपत घातली. आता झाकायचं काय ऱ्हायलं?"

पहिल्यांदा कुणी हललं नाही. मग वरच्या आळीची म्हातारी उठली. तिच्यामागं दुसरी. वन्सं, बायका रांगेनं जात होत्या, वाकून बघत होत्या, आणि परत येताना प्रत्येकीची जीभ स्वतःच्या गालात फिरत होती. आईंचे डोळे भरून आले होते, पण शेवटची बाई बघून जाईपर्यंत त्यांनी तोंड मिटलं नाही. साहेबांनी खाली मान घातली. मी एवढी मोठी माणसं पाहिलीत टीव्हीवर, भाषणं ऐकलीत, पण एवढं धाडस मी कुणाचं पाहिलेलं नाही. माझी सासू म्हणून सांगत नाही. म्हणजे, माझी सासू म्हणूनच सांगते.

शाल घेतली नाही त्यांनी. "तोंड बरं हुंदे, मग पांघरा," म्हणाल्या. घरी येऊन मिश्रीचा तवा भंगारवाल्याच्या ढिगात टाकला. आणि मला म्हणाल्या, "नगरची गाडी कवाची हाय?"

अश्विनी


बोरदरा
१६ जानेवारी २०२५

वन्सं,

हे पत्र लांबलं आणि त्याला कारणही तसंच आहे. मिश्री सोडलेल्या रतनबाईंच्या घरात राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला भिंगारला बसून समजायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांचं डोकं गरगरायचं, पोट साफ होईना, भांड्यांशी भांडण आणि माझ्याशी त्याहून. एकदा मला म्हणाल्या, तू मेल्यावर तुज्या पिंडाला कावळा शिवायचा न्हाई. संध्याकाळी स्वतःच माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. बडीशेप चघळतात, बाभळीची काडी चावतात, आणि सकाळी उठल्या उठल्या बोट आपोआप फळीकडं जातं, तिथं डबी नसते. मग त्या बोटाकडंच बघत बसतात. पण लावली नाही. एकदाही नाही.

गाव काही एका दिवसात संत झालं नाही. चार बायका आईंवर चिडल्यात, "आता मिश्री आनायची कुटनं?" म्हणून छगनकडून पान आणून घरी भाजतात. तुमचे भाऊ पुडी गोठ्यात लपवतात आणि मला कळत नाही असं समजतात. गोरक्षच्या टपरीला आई नव्या तव्यावर शेंगदाणे भाजून देतात, खारे. भाजणीचा हात त्यांचाच. खपतात, पण पुडीइतके खपत नाहीत, हे गोरक्ष मला भेटेल तेव्हा ऐकवतो. तरी शिबिराची डॉक्टरीण परत आली तेव्हा बायका स्वतःहून खुर्चीत बसल्या आणि "तंबाखू?" विचारल्यावर "व्हय, मिश्री" म्हणाल्या. हे आईंचं काम, वन्सं. सरकारच्या फलकांनी एवढं झालं नव्हतं.

आता तुकड्याचा निकाल. कॅन्सर झालेला नाही, पण वाट तिकडचीच आहे. गालाचा तेवढा भाग काढायचा. लवकर काढला तर बऱ्या होतील असं डॉक्टर छातीवर हात ठेवून म्हणाले. पुढच्या शनिवारी, २५ तारखेला, नगरला दाखल करायचं ठरलं.

हे सगळं ऐकून आईंनी डॉक्टरांना एकच विचारलं, "ह्ये पोरीला व्हईल का?"

ते म्हणाले, त्या लावतात का?

"लावती. सातवीत हुती तवा दाढ दुकत हुती म्हनून म्याच तिच्या बोटावर ठिवली पयली चिमूट."

आणि मग त्यांनी जाहीर केलं की त्या ऑपरेशन करून घेणार नाहीत. डॉक्टरांनी समजावलं, तुमच्या भावानं हात जोडले, मी ओरडले. ढिम्म. ज्या बाईनं सरपंचांना नमवलं तिच्यापुढं मी काय चीज! घरी आल्यावर म्हणाल्या, आता तुजं पत्र पुरे, मी सांगती ते लिही, एक अक्षर इकडचं तिकडं करू नको. तेव्हा वन्सं, माझा राग जन्मभर धरा, मी तो धुऊन वाळत घालीन, पण इथून पुढचं माझं नाही. आई बोलतायत आणि मी लिहितेय.

मोने,

तू सुनंवर रागावलीस. तिनं पुडी माघारी धाडली ती बरी धाडली. आता माज्यावर रागाव, तुला हक हाय. तुजी दाढ दुकत हुती, तू रातभर रडत हुतीस, मला दुसरं काय ठाव न्हवतं गं. माज्या आईनं मला दिलं, म्या तुला दिलं. लई मायेनं दिलं.

अश्विनी म्हनती डाक्टर चांगली हायेत. तू भिऊ नको. नुस्तं तोंड उघडायचं आसतं, बत्ती लावून बगत्यात, दुकत न्हाई. काय नसंल तर नसंल, आपन दोघी शेंगदाने खाऊ. काय आसंल तर लौकर कळंल. जावईबापूला सांगू नको वाटलं तर सांगू नको, बाजारला चालले म्हन.

शनिवारी मी सकाळच्या गाडीनं येती. दवाखान्याच्या पायरीवर बसन, आत जानार न्हाई. तू आलीस की तुजं तोंड आदी दाकवू, मग माजं कापू द्या काय कापायचं त्ये. आन् तू न्हाई आलीस तर मी दुपारच्या गाडीनं माघारी. ह्यो रुसवा न्हाई, पोरी. मला एकटीला बरं व्हायचं न्हाई.